४६ ग्रॅमचा पॅटन

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन रणगाडा पाहायला मिळतो. एम-४७ पॅटन तोफेसह साधारण साडेआठ मीटर लांब, वजन ४६ टन. टेबलावर फासे टाकून जुन्या लढाया खेळणारे त्याचा शंभरपट छोटा रणगाडा जोडतात. लांबी साडेआठ सेंटीमीटर. वजन? लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट घटल्यामुळे वजन दहा लाखपट घटतं : फक्त ४६ ग्रॅम! प्रत्यक्षात पोकळ प्लास्टिकचा तो याहूनही हलका.

त्याचे भाग चिकटवणारा द्रव फेव्हिकॉलसारखा नसतो. तो पॉलिस्टायरीनच्या कडा विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. जणू वेल्डिंगच.

खरी परीक्षा रंगाची, त्यातही आमच्या रायपुरात. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी ब्रशवरच उडतं, रंगाचे कण चिकटून बसतात. माझ्या एका रणगाड्याचा बुरूज असाच खरबरीत झाला. लांबून चिखल म्हणून खपला. उपाय सोपा : झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. शेवटी पातळ काळपट रंग फिरवला की केशाकर्षणाने तो खाचांत शिरतो आणि जाळ्या, बोल्ट उठून दिसतात.

वॉर्निशचा स्प्रे मात्र पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.