बर्फाखालची वीज : हिवाळ्यात सौर पॅनेलांचे नुकसान नेमके कुठे होते?

डिसेंबरातले पहिले मोठे हिमवादळ ओसरले की बोस्टनच्या पश्चिमेकडील उपनगरांत एक दृश्य हमखास दिसते. घरासमोरचा रस्ता साफ झालेला असतो, गाडीवरचा बर्फ झाडून झालेला असतो आणि घरमालक हातात फोन घेऊन अंगणात उभा राहून छपराकडे पाहत असतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख. पण फोनवरच्या ॲपमध्ये दिवसभराचे उत्पादन शून्य. पंचवीस-तीस हजार डॉलर खर्चून बसवलेली पॅनेल फूटभर बर्फाखाली गाडली गेली आहेत. गॅरेजमधली शिडी बाहेर काढण्याचा विचार याच क्षणी मनात येतो.

तो विचार अमलात आणण्यापूर्वी थोडे गणित करावे. ८ किलोवॉट क्षमतेची यंत्रणा बोस्टन परिसरात डिसेंबरात दिवसाला सरासरी पंधरा-सोळा युनिट वीज देते. मॅसॅच्युसेट्समधील घरगुती विजेचा दर युनिटमागे साधारण ३० सेंट धरला, तर पूर्ण झाकल्या गेलेल्या एका दिवसाचे नुकसान सुमारे पाच डॉलर होते. निसरड्या छपरावर चढण्याचा धोका या पाच डॉलरसाठी पत्करायचा असतो. स्वतःच्या पैशाने यंत्रणा घेणाऱ्यांना मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत २०२५ च्या अखेरीस संपल्यामुळे प्रत्येक युनिट वसूल करण्याची ओढ वाढणे स्वाभाविक आहे. तरीही हा सौदा तोट्याचाच ठरतो.

मुळात हिवाळ्यातील घटीचा मोठा वाटा बर्फाचा नसतोच, तो सूर्याचा असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. बोस्टनमध्ये तो जेमतेम २४ अंशांपर्यंत चढतो. दिवस नऊ तासांचा, तर जूनमध्ये तोच सव्वापंधरा तासांचा. त्यामुळे बर्फाचा एक कणही न पडता डिसेंबरचे उत्पादन जून-जुलैच्या निम्म्याहून खाली येते. पुण्यातील नातेवाइकांच्या गच्चीवरील यंत्रणेशी तुलना करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिथला पडता काळ जुलै-ऑगस्टचा, पावसाळी ढगांचा असतो. बोस्टनचा भर नेमका त्याच महिन्यांत असतो.

बर्फाचा वाटा वेगळा काढून मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. कॅनडातील एडमंटन येथे नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने निरनिराळ्या उतारांवर पॅनेलांच्या जोड्या बसवल्या. प्रत्येक जोडीतील एका पॅनेलावरचा बर्फ झाडला जाई, दुसऱ्यावरचा तसाच ठेवला जाई. काही वर्षांच्या नोंदींनंतर वार्षिक उत्पादनातील फरक थोड्या टक्क्यांपुरताच निघाला; उतार कमी तिथे अधिक, उभा तिथे नगण्य. हिवाळ्यातल्या एखाद्या महिन्यापुरती घट मोठी दिसते, परंतु त्या महिन्याचा वर्षातील हिस्साच लहान असल्याने वार्षिक हिशोबात ती विरघळून जाते.

थंडी तर पॅनेलांना मानवतेच. स्फटिक सिलिकॉनच्या पॅनेलाची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. वैशाखात पुण्याच्या गच्चीवर पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते तेव्हा क्षमतेचा दहा-पंधरा टक्के भाग उष्णतेतच जातो. याउलट मार्चच्या आरंभी न्यू इंग्लंडमध्ये सूर्य बराच वर आलेला, हवा गोठणबिंदूच्या आसपास आणि जमिनीवरचा ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परावर्तित करणारा, असा योग जुळतो. वर्षातील काही सर्वोच्च क्षण अशा दिवसांत नोंदले जातात. मार्चमधला झाकलेला दिवस त्यामुळे डिसेंबरपेक्षा महाग पडतो. सुदैवाने त्या दिवसांत बर्फ टिकतही नाही.

बर्फ पॅनेलावरून उतरतो कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. पातळ थरातून थोडा प्रकाश आत झिरपतो, काळी काच तापते आणि काच व बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो. वरची एखादी कड उघडी पडली की तिथला काळा भाग उष्णता शोषतो आणि मग सगळा थर एकदम घसरतो. दर बारा फुटांमागे चार फूट चढणाऱ्या, म्हणजे सुमारे १८ अंशांच्या, छपरावर ही क्रिया रेंगाळते. बारामागे आठ फूट, म्हणजे ३४ अंशांच्या आसपास उतार असेल तर ऊन पडताच बहुधा काही तासांत काम होते. खालच्या बाजूला मोकळे छप्पर राखलेले असेल तर घसरलेल्या बर्फाला जागा मिळते. पॅनेल थेट पन्हळीपर्यंत भिडवलेली असतील तर तिथे ढीग साचून खालची ओळ दिवसेंदिवस झाकलेली राहते. जास्तीत जास्त पॅनेल बसवण्याच्या हौसेत ही जागा पहिल्यांदा गिळली जाते.

पॅनेल आडवे बसवले की उभे, याचाही संबंध येथे पोहोचतो. बर्फ शेवटी खालच्या कडेला अडकतो. जुन्या पद्धतीच्या पॅनेलात विद्युतघटांचे तीन गट लांबीच्या दिशेने असतात. ते उभे बसवल्यास खालची वीतभर पट्टीसुद्धा तिन्ही गटांना अडवते, आडवे बसवल्यास एकाच गटाला. हल्लीच्या अर्ध्या घटांच्या पॅनेलात वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र असल्याने उभे बसवूनही वरचा अर्धा भाग काम करत राहतो. प्रत्येक पॅनेलाला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर असेल तर मोकळे झालेले पॅनेल झाकलेल्या शेजाऱ्यासाठी खोळंबत नाही.

हे सारे निर्णय करारावर सही करण्यापूर्वीचे आहेत आणि तेव्हाच दोन प्रश्न विचारावेत. पहिला, उत्पादनाच्या अंदाजात बर्फ धरला आहे का? अमेरिकेत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘पीव्हीवॉट्स’ या सरकारी गणकयंत्रात बर्फामुळे होणारी घट मूळ मांडणीत शून्य असते. ती कोणीतरी भरावी लागते. दुसरा प्रश्न सावलीचा. २४ अंशांवरच्या सूर्यामुळे दहा मीटर उंचीच्या झाडाची सावली दुपारी बारा वाजताही बावीस मीटर पसरते. जूनमध्ये ती साडेतीन मीटरांतच आटोपते. ऑगस्टमध्ये पाहणी करून गेलेल्या विक्रेत्याला शेजाऱ्याचा पाइन वृक्ष निरुपद्रवी वाटला असेल, तर त्यात नवल नाही. बर्फापेक्षा हे झाड अधिक वीज खाते, आणि तेही दरवर्षी.

एवढे करूनही एकमजली घरात बर्फ काढायचाच असेल, तर जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याचा आणि मऊ फोमच्या पात्याचा ‘रूफ रेक’ वापरावा. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आधी पाहाव्यात आणि घसरणाऱ्या बर्फाच्या वाटेत उभे राहू नये. सगळे पॅनेल खरवडण्याची गरज नसते, कडेची फूटभर काच उघडी केली की उरलेले ऊन करते. धातूच्या पात्याने काचेवर ओरखडे पडतात, मिठाने ॲल्युमिनियमची चौकट गंजते आणि गोठलेल्या काचेवर कढत पाणी ओतल्यास ती तडकू शकते. ओझ्याने पॅनेल मोडेल ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. अनेक पॅनेलांची चाचणी ५,४०० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५५० किलो भाराने झालेली असते. छपराची सोसण्याची ताकद हा मात्र वेगळा विषय आहे. जुन्या घरात तो अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

घसरणाऱ्या बर्फाचे भान मात्र ठेवायलाच हवे. काचेवरून सुटलेला थर अख्खा खाली येतो. खाली मुख्य दार, हीट पंपाचे बाहेरचे यंत्र, गॅस मीटर किंवा मुलांची खेळण्याची जागा असेल तर पॅनेलांच्या खालच्या कडेला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या बसवून घ्याव्यात. थोडी वीज त्यापायी जाईल. ती जाऊ द्यावी.

वादळात ग्रिडची वीज गेली की छपरावरची पॅनेल घराला वीज देतील, ही समजूतही अनेकांना महागात पडते. दुरुस्तीसाठी तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी साधा इन्व्हर्टर अशा वेळी आपोआप बंद होतो. घर चालू ठेवायचे तर बॅटरी आणि ग्रिडपासून घर तोडणारी व्यवस्था लागते. लिथियम बॅटरी शून्याखाली गोठलेली असताना चार्ज होऊ नये, म्हणून तिची जागा तळघरात किंवा ऊबदार गॅरेजात.

राहिला बिलाचा हिशोब. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात उन्हाळ्यातील जादा विजेचे क्रेडिट पुढच्या महिन्यांत ओढता येते. इतर राज्यांचे नियम निराळे आहेत, ते आपल्या वीज कंपनीकडून समजून घ्यावेत. ही सोय असेल तर जानेवारीचे बिल खरे तर जुलैमध्येच भरले जात असते. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच तिथून रोज ॲप उघडून शून्याकडे पाहत बसण्याचे कारण नाही. परतल्यावर, बर्फ पूर्ण उतरल्यानंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी, प्रत्येक पॅनेलाचा आकडा एकदा तपासावा. सगळे शेजारी चालू असून एखादे तेवढे शून्यावरच अडकले असेल, तर तो बर्फ नव्हे, बिघाड आहे, आणि त्यासाठी शिडी घेऊन वर चढण्याचे काम वॉरंटी देणाऱ्या कंपनीच्या माणसाचे आहे.