घरातील हवेची गुणवत्ता आणि स्मार्ट मॉनिटर : आकड्यांचा अर्थ व मर्यादा

सारांश : घरातील हवेची गुणवत्ता दर्शविणारी छोटी उपकरणे आता सहज मिळू लागली आहेत. त्यांच्या पडद्यावरील आकडे कशाच्या आधारे तयार होतात, त्यांवर किती विसंबावे आणि ते पाहून काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उपकरण जे मोजत नाही ते घरात नाही, असा समज धोकादायक ठरू शकतो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : घरातील हवा, सूक्ष्म धूलिकण, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, संवेदक, वायुवीजन.

प्रस्तावना :

हवाप्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी, वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ डोळ्यांसमोर उभी राहते. घर म्हणजे या साऱ्यांपासून मिळणारा आसरा, असे मानले जाते. वस्तुतः घरातील हवा बाहेरूनच आत येते आणि तीत फोडणीचा धूर, उदबत्ती व धूप, डास पळविणारी अगरबत्ती, नव्या प्लायवूडचा व रंगाचा वास आणि माणसांचा उच्छ्वास यांची भर पडते. घरात जळणाऱ्या लाकूड, गोवऱ्या, कोळसा आदी इंधनांच्या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने वर्तविला होता. भारतात १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमागे चुलीच्या धुराचाच प्रश्न होता.

घरातील हवा मोजून पाहावी, ही कल्पना मात्र जुनी आहे. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर याने १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हे हवा कोंदल्याचे माप मानले आणि ०.१ टक्का, म्हणजेच १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग), ही मर्यादा सुचविली. त्या काळी ज्यासाठी प्रयोगशाळा लागे ते काम आज मुठीत मावणारे यंत्र करते. त्यामुळे आकडा मिळणे सोपे झाले आहे. त्याचा अर्थ लावणे तितके सोपे झालेले नाही.

उद्दिष्टे :

१. स्मार्ट मॉनिटरमधील संवेदकांचे कार्य समजून घेणे.
२. पडद्यावरील आकड्यांचा योग्य अर्थ आणि मर्यादा स्पष्ट करणे.
३. घरगुती वापरासाठी व्यवहार्य पद्धत सुचविणे.

मॉनिटर नेमके काय मोजतो? :

सर्वसाधारण मॉनिटर पीएम २.५, कार्बन डायऑक्साइड, बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी दाखवितो. यांपैकी प्रत्येक नोंदीची विश्वासार्हता वेगळी असते.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. यंत्रातील छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसर किरण कणांवर आदळून विखुरतो आणि या विकिरणावरून कणांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधला जातो. म्हणजे यंत्र कणांचे वजन करीत नाही. प्रकाश मोजून ते वजनाचे अनुमान करते. हवा दमट असली की काही कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि आकडा वाढतो. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळी दिवशी मॉनिटरने दाखविलेली वाढ सर्वस्वी प्रदूषणाचीच असेल असे नाही. याउलट, सुमारे ०.३ मायक्रोमीटरहून लहान कण या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाहीत.

चांगल्या मॉनिटरमध्ये कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजला जातो. हा वायू ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण शोषतो. किरण जितके कमी पोहोचतील तितका वायू अधिक. ही पद्धत भरवशाची आहे. तथापि अनेक यंत्रे काही दिवसांतील सर्वांत कमी नोंदीला बाहेरील स्वच्छ हवा समजून स्वतःचे शून्यांकन करतात. जी खोली दिवसेंदिवस बंदच असते तेथे हे गृहीतक चुकते आणि पुढील आकडे प्रत्यक्षाहून कमी येऊ लागतात. काही स्वस्त यंत्रांत तर हा वायू मोजलाच जात नाही. अन्य संवेदकाच्या नोंदीवरून त्याचा केवळ अंदाज छापला जातो. खरेदी करताना हा फरक तपासणे आवश्यक आहे.

बाष्पनशील संयुगांसाठी बहुधा तापविलेल्या धातू-ऑक्साइडचा संवेदक वापरतात. तो अत्तर, सॅनिटायझर, फिनेल आणि कांदा परतल्याचा वास या सर्वांना प्रतिसाद देतो; परंतु त्यांत निरुपद्रवी कोणते आणि फॉर्माल्डिहाइडसारखे अपायकारक कोणते, हे तो सांगू शकत नाही. म्हणून या नोंदीकडे बदलाची सूचना म्हणून पाहावे, निदान म्हणून नव्हे.

एकच हवा, दोन निर्देशांक :

आकड्यांबाबतचा सर्वाधिक गोंधळ निर्देशांकामुळे होतो. भारताचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आला. पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पद्धतीने निर्देशांक सुमारे ८३ येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी पद्धतीने त्याच हवेचा निर्देशांक सुमारे १३७ येतो आणि ती संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक ठरते. हवा तीच; बदलली ती केवळ मोजपट्टी. अनेक मॉनिटर आणि त्यांची मोबाइल ॲप्स अमेरिकी मोजपट्टी वापरतात. शिवाय भारतीय निर्देशांकात पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी धरली जाते, तर मॉनिटर क्षणाक्षणाचा आकडा दाखवितो. फोडणीच्या वेळी उसळलेल्या आकड्याची तुलना दिवसभराच्या सरासरीशी करणे गैर आहे.

यासाठी निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅममधील मूळ आकडा पाहणे इष्ट. २००९ च्या भारतीय मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६०, तर वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ इतक्या सुचविल्या. भारतीय मानक मुळात बाहेरील हवेसाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

खिडकी उघडावी की बंद ठेवावी? :

घरगुती वापरातील खरा पेच येथे आहे. दहा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. झोपलेली प्रौढ व्यक्ती तासाला अंदाजे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. दोघे जण खोली पूर्ण बंद करून झोपले, तर गणिताने या वायूचे प्रमाण तासाला सुमारे ७०० पीपीएमने वाढेल. दारांच्या फटींमुळे प्रत्यक्ष वाढ कमी होते, तरीही पहाटेपर्यंत आकडा पेटेनकोफरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला आढळतो. घरोघरी बसविले जाणारे वातानुकूलन यंत्र सामान्यतः खोलीतील तीच हवा थंड करून परत सोडते. ते नवी हवा आणत नाही. खोली गार वाटते म्हणून हवा ताजी आहे, असे नसते.

यावर उपाय खिडकी उघडणे. परंतु रहदारीच्या रस्त्यालगत खिडकी उघडताच कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि पीएम २.५ चढतो. हवाशुद्धी यंत्र लावून खिडकी बंद केली तर नेमके उलट घडते, कारण त्यातील गाळणी कण अडविते. कार्बन डायऑक्साइड अडवीत नाही. म्हणून हे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीलगतची थंड हवा प्रदूषके धरून ठेवते. दुपारी ऊन चढल्यावर हवा वर-खाली मिसळते आणि कणांचे प्रमाण सामान्यतः कमी होते. अशा घरात सकाळऐवजी दुपारी खिडक्या उघडणे अधिक हितावह ठरते. आपल्या घरासाठी योग्य वेळ कोणती, हे आठवडाभराच्या नोंदी सांगू शकतात. मॉनिटरचा सर्वांत मोठा उपयोग हाच होय.

मॉनिटरला न दिसणारा धोका :

पडद्यावर हिरवा रंग दिसला की घर सुरक्षित, असा समज बळावतो. तो तपासून पाहणे अत्यावश्यक आहे. बहुतेक घरगुती हवा-मॉनिटरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा संवेदक नसतो. नावातील साम्यामुळे कार्बन डायऑक्साइडची नोंद पाहून अनेकांची फसगत होते. पण हे दोन वायू सर्वस्वी भिन्न आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने जोडला जातो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसची गळती वासावरून कळते, कारण त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते; अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या या वायूबाबत अशी कोणतीही सूचना मिळत नाही.

लहान, बंद न्हाणीघरात बसविलेला गॅस गीझर आणि थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी ही याची नेहमीची उगमस्थाने आहेत. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे आणि जळलेला वायू नळीने बाहेर काढणे, हा पहिला उपाय. त्याला जोड म्हणून कार्बन मोनॉक्साइडची स्वतंत्र धोकासूचक घंटा असावी. डोके दुखणे, चक्कर, मळमळ अशी लक्षणे जाणवताच आकडा पाहण्यात वेळ न दवडता मोकळ्या हवेत जावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही बहुतेक मॉनिटर मोजत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

वापराची व्यवहार्य पद्धत :

१. मॉनिटर माणूस बसतो किंवा झोपतो त्या उंचीवर ठेवावा. शेगडी, खिडकी, पंख्याचा झोत आणि देवघरातील उदबत्ती यांपासून दूर ठेवावा.
२. पहिला आठवडा कोणताही बदल न करता नोंदी पाहाव्यात. स्वयंपाक, झाडलोट, पूजा व झोप यांच्या वेळा सोबत टिपून ठेवाव्यात.
३. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. उदाहरणार्थ, स्वयंपाकापूर्वीच धूर बाहेर टाकणारा पंखा सुरू करावा आणि आत हवा यावी म्हणून दुसरी खिडकी किंचित उघडी ठेवावी.
४. दोन घरांतील आकड्यांची तुलना करण्यापेक्षा एकाच घरातील, एकाच यंत्राच्या कालच्या व आजच्या नोंदींची तुलना करावी. स्वस्त संवेदकाची खरी ताकद बदल दाखविण्यात आहे.
५. यंत्र अधूनमधून खिडकीबाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवावे. कार्बन डायऑक्साइडची नोंद साधारणतः ४२० ते ४५० पीपीएमच्या आसपास यावी. ती फारच वेगळी आल्यास शून्यांकन तपासावे.

सामाजिक बाजू :

स्मार्ट मॉनिटर आपल्या नोंदी बहुधा इंटरनेटद्वारे उत्पादकाकडे पाठवितो. कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून घरात माणसे केव्हा असतात आणि केव्हा झोपतात, हे उमगू शकते. हवेचा आलेख हा कुटुंबाच्या दिनक्रमाचाही आलेख असतो. म्हणून कोणत्या माहितीला परवानगी देत आहोत, हे ग्राहकाने पाहिले पाहिजे.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. चुलीसमोर बसणाऱ्या स्त्रीला हवा वाईट आहे हे सांगण्यासाठी यंत्राची गरज नाही. तिचे चुरचुरणारे डोळे ते सांगतात. तिला गरज आहे ती परवडणाऱ्या स्वच्छ इंधनाची आणि धूर बाहेर जाईल अशा स्वयंपाकघराची. ज्या घरांत हवा सर्वाधिक दूषित, त्या घरांत मॉनिटर पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी. महाविद्यालयांनी अशी काही यंत्रे घेऊन विद्यार्थ्यांमार्फत परिसरातील घरांत आणि स्वतःच्या वर्गखोल्यांत नोंदी घेतल्यास, हे साधन खासगी चैनीऐवजी लोकशिक्षणाचे माध्यम बनू शकेल.

निष्कर्ष :

स्मार्ट मॉनिटर हवा शुद्ध करीत नाही आणि घर सुरक्षित असल्याचा दाखलाही देत नाही. तो काही मोजक्या घटकांतील चढउतार दाखवितो. हे चढउतार घरातील कृतींशी जोडून वाचले तर वायुवीजनाची योग्य वेळ आणि प्रदूषणाचे उगमस्थान कळते. केवळ रंग पाहून समाधान मानले, तर जो वायू यंत्राला दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून मॉनिटर घेताना ‘हा काय मोजतो?’ या प्रश्नाइतकाच ‘हा काय मोजत नाही?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.