विश्लेषण : नव्या गाडीला ‘कोटिंग’ हवेच का? वॅक्स, सीलंट, सिरॅमिक यांत फरक काय?

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणायची म्हणून शोरूममध्ये बसलेल्या ग्राहकासमोर शेवटच्या सहीआधी आणखी एक कागद सरकवला जातो. ‘पेंट प्रोटेक्शन करून घ्या, पाच वर्षे रंगाकडे बघायला नको,’ असे सांगितले जाते. विमा, ॲक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीच्या गर्दीत हा काही हजारांचा आकडा फारसा टोचत नाही आणि सही होऊन जाते. पण या पैशांत रंगाचे कशापासून संरक्षण होते आणि कशापासून होत नाही?

गाडीचा रंग किती जाड असतो?

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रसायनाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही बहुधा कमी. गाडीची चमक याच थरामुळे असते आणि सूर्याची अतिनील किरणे अडवणारी द्रव्येही यातच असतात. हा थर एकदा झिजला की पुन्हा रंगकाम करण्यावाचून पर्याय नसतो. म्हणून वॅक्स असो वा सिरॅमिक, काम एकच : क्लिअर कोटऐवजी स्वतः झिजणे.

वॅक्स म्हणजे काय?

चांगल्या कार वॅक्समध्ये ‘कार्नोबा’ हे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताड-माडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर ते तयार होते. कडक उन्हात पानांतले पाणी टिकून राहावे, ही त्यामागची निसर्गाची सोय. औषधी गोळ्यांना चकाकी देण्यासाठीही हेच मेण वापरतात. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे बॉनेट ७० अंशांच्या आसपास तापू शकते. वॅक्समध्ये इतर तेले व द्रावकेही असल्याने अशा उष्णतेत त्याचा थर लवकर विरतो. एरवीही तो दीड-दोन महिनेच टिकतो. मात्र तो स्वस्त असतो आणि घरी लावता येतो.

सीलंट वेगळा कसा?

सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. ते मेणासारखे नुसते पृष्ठभागावर बसत नाही, तर रंगाला अधिक घट्ट धरते. त्यामुळे उन्हात आणि पावसात ते वॅक्सपेक्षा जास्त, साधारण तीन ते सहा महिने टिकते. दोन्ही लावायची असतील, तर आधी सीलंट आणि वर वॅक्स. उलट केल्यास मेणामुळे सीलंटला रंगावर पकड मिळत नाही.

सिरॅमिकचा ‘९एच’ म्हणजे काय?

सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकॉनची संयुगे रंगावर सुकून काचेसारखा कडक थर तयार करतात. तो काही वर्षे टिकू शकतो, पाणी आणि चिखल त्यावरून सहज घसरतात, गाडी धुणे सोपे होते. हे फायदे खरे आहेत.

घोळ होतो तो ‘९एच’ या आकड्यामुळे. हा आकडा पेन्सिल चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशांच्या कोनात थरावर ढकलतात आणि कोणती ओरखडा पाडते ते पाहतात. ९एच ही त्यातली सर्वात कडक पेन्सिल. तिने ओरखडा पडला नाही, म्हणजे किल्लीने किंवा वाळूनेही पडणार नाही, असा अर्थ होत नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेवरही ओरखडे पाडू शकतात. शिवाय सिरॅमिकचा थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. उडालेला खडा त्याला जुमानत नाही.

आणि टेफ्लॉन?

तव्यावर टेफ्लॉन बसवताना ते ३०० अंशांहून अधिक तापवावे लागते. गाडीच्या रंगाला इतकी उष्णता देताच येत नाही. त्यामुळे ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाला भुलून तव्यासारख्या टिकाऊपणाची अपेक्षा ठेवू नये.

मग रंग खराब कशाने होतो?

रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले, तर कारण बहुतेक वेळा एकच असते : सोसायटीत रोज सकाळी कोरड्या किंवा कळकट ओल्या फडक्याने धूळ पुसली जाते. धूळ आणि फडके मिळून पॉलिश पेपरचे काम करतात. हे ओरखडे घालवण्यासाठी सर्व्हिस सेंटरमध्ये ‘रबिंग-पॉलिशिंग’ होते. त्यात क्लिअर कोटच घासून पातळ केला जातो. वॅक्स थर चढवते, पॉलिश थर काढते. हा फरक माहीत नसल्याने दर सर्व्हिसला पॉलिश करून घेणारे अनेक जण आहेत.

दुसरे शत्रू म्हणजे कबुतरांची विष्ठा आणि बोअरवेलचे पाणी. विष्ठेतील आम्ल तापलेल्या रंगात काही तासांत खड्डा पाडू शकते. जड पाणी उन्हात सुकले, की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते सिरॅमिकवरही पडतात. पूजेत बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिकही त्याच दिवशी पाण्याने धुवावे, कोरडे घासू नये.

घरी कसे लावावे?

• गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागत असेल तेव्हाच काम सुरू करा.
• दोन बादल्या घ्या : एकीत कार शाम्पू, दुसरीत कापड खळबळण्यासाठी साधे पाणी. भांड्यांचा साबण वापरल्यास आधीचे वॅक्स निघून जाते.
• मायक्रोफायबर कापडाने गाडी कोरडी करा.
• वॅक्स किंवा सीलंट अगदी पातळ लावा. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.
• काळ्या प्लॅस्टिकवर लावू नका, पांढरे डाग राहतात. मॅट रंगाच्या गाडीला वॅक्स नकोच.
• अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगवला असेल, तर साधारण महिनाभर थांबा. कारखान्यातला रंग उच्च तापमानाला भाजलेला असतो, गॅरेजमधल्या रंगाला पूर्ण सुकायला वेळ लागतो.

थर संपला हे ओळखण्यासाठी पाणी शिंपडून पाहा. थेंब मोत्यासारखे न राहता पाणी पसरले, की पुन्हा लावायची वेळ झाली.

पैसे कशावर खर्च करावेत?

गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये असेल आणि दोन सुट्ट्यांच्या दिवशी तास-दीड तास देता येत असेल, तर वर्षातून दोनदा सीलंट पुरेसे आहे : एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या सुमारास. गाडी कायम उघड्यावर असेल आणि वेळ नसेल, तर सिरॅमिकचा विचार करावा. मात्र वॉरंटीच्या अटी वाचूनच. दर काही महिन्यांनी सशुल्क तपासणी सक्तीची आहे का, विष्ठेचे व पाण्याचे डाग वगळले आहेत का, हे आधी विचारा. महामार्गावर रोजचा प्रवास असेल, तर खड्यांपासून काही प्रमाणात वाचवते ती पीपीएफ ही जाड पारदर्शक फिल्म. ती महाग असल्याने फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावणेही चालते. कोकण किनाऱ्यावर गंजाची सुरुवात बहुधा गाडीच्या पोटाकडून होते. तिथे वरच्या चकाकीपेक्षा अंडरबॉडी कोटिंग आणि खालून धुणे महत्त्वाचे.

यापैकी काहीही निवडले, तरी रोजचे कोरडे फडके थांबले नाही, तर ते पैसे वाया जातात. त्यामुळे शोरूममध्ये सही करण्याआधी गाडी पुसणाऱ्या दादांना दोन मायक्रोफायबर कापडे आणून द्या आणि ‘धूळ असली तरी चालेल, कोरडी पुसू नका’ एवढे सांगा.