कार्डावरचे अक्षर

आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झाले ते १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. त्याला पाकीट नाही, त्यामुळे वाटेत कोणीही वाचावे. जागा इतकी थोडी की वर ‘श्री’ आणि ‘सा. न. वि. वि.’ लिहिले की लगेच मुद्द्यावर यावे लागे.

कलावंतांना मात्र ही जागा पुरली. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस शिष्यांना व स्नेह्यांना कार्डावर चित्रे काढून पाठवत. जर्मन चित्रकार फ्रान्त्स मार्क यांनी १९१३ च्या नववर्षानिमित्त कवयित्री एल्से लास्कर-श्यूलर यांना निळ्या घोड्यांचे चित्र काढून एक कार्ड पाठवले. पुढे त्याच विषयावर त्यांनी मोठे चित्र रंगवले. ते चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर बेपत्ता झाले, ते आजतागायत सापडलेले नाही. तळहाताएवढे कार्ड मात्र म्युनिकमध्ये सुरक्षित आहे.

असे का झाले? पत्र लिहिणाऱ्याजवळ राहत नाही. ते टिकणार की नाही, हे ज्याला आले त्याच्या हाती असते. म्हणून जपलेले पत्र म्हणजे दोघांचे काम: एकाने लिहिले, दुसऱ्याने सांभाळले.

आपल्या शेजारच्या धारवाडचेच उदाहरण घ्या. थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी तेथे महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. त्यांना माणसांत मिसळणे फारसे आवडत नसे. पण पत्रांतून ते मोकळेपणाने बोलत. त्यांची पत्रे कार्डात मावणारी नव्हती, चांगली लांबलचक असत. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ साली प्रसिद्ध झाली. जी. एं.च्या निवडक पत्रांचेही खंड निघाले. कोणी ती रद्दीत घातली असती, तर मराठी वाचकाला जी. ए. निम्मेच कळले असते.

आता आपल्या जोयडा तालुक्याकडे वळू. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. घरातल्या एखाद्या जुन्या कार्डावर ‘तालुका सुपा’ असा पत्ता असेल, तर ते गाव पाण्याखाली गेले तरी त्याचे नाव आजोबांच्या अक्षरात अजून शिल्लक आहे.

भजनीबुवा, नाटकमंडळींतील नट, मूर्तिकार, शिक्षक असे कोणी आपल्या घराण्यात होऊन गेले असतील, तर पालकांनी ट्रंका जरूर पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसात कागदाला लवकर बुरशी धरते. कार्डे कोरड्या डब्यात ठेवा, डिंकाने चिकटवू नका. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले ते वेगळ्या कागदावर नोंदवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय मजकूर बाहेर देऊ नका. विश्वस्त मंडळींनी मनावर घेतले, तर शाळेच्या वाचनालयात अशा कार्डांसाठी एक कपाट सहज होईल.

आणि मुलांनो, या महिन्यात एक कार्ड स्वतःच्या हाताने लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ते तुमचेच असेल.