सुरक्षा कॅमेरा योजना

सुरक्षा कॅमेरा योजना : इमारतीवर वा आवारावर कॅमेऱ्यांद्वारे सतत लक्ष ठेवण्यासाठी कॅमेऱ्यांच्या जागा, भिंगे, चित्रांची साठवण व विद्युत् पुरवठा यांची केलेली पूर्वनियोजित मांडणी. यातील चित्रे सर्वत्र प्रक्षेपित न होता ठराविक पडद्यांपर्यंतच पोहोचतात. म्हणून या पद्धतीस संवृत मंडल दूरचित्रवाणी (सीसीटीव्ही) म्हणतात. जर्मनीत १९४२ मध्ये व्ही–२ अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी ती वापरण्यात आली. १९९६ मध्ये संगणक जालकास थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आला आणि पुढे अंकीय पद्धती रूढ झाली.

गरजनिश्चिती : कॅमेरे किती बसवावेत यापेक्षा प्रत्येक चित्रातून काय कळावयास हवे, हे ग्राहकाकडून प्रथम निश्चित करून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या ६२६७६–४ या मानकाच्या २०१४ मधील आवृत्तीत यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे लागणारे चित्रबिंदू दिले होते. त्यानुसार मनुष्य आला एवढेच कळण्यास २५, त्याची वेशभूषा इ. वैशिष्ट्ये दिसण्यास ६२·५, परिचित व्यक्ती ओळखण्यास १२५ व अपरिचिताची ओळख निःसंशय पटण्यास २५० चित्रबिंदू लागतात.

भिंगाची निवड : संवेदकाची रुंदी व वस्तूचे अंतर यांच्या गुणाकारास भिंगाच्या केंद्रांतराने भागले असता दृश्याची रुंदी मिळते. उदा., ४·८ मिमी. रुंदीचा संवेदक व ४ मिमी. केंद्रांतराचे भिंग असल्यास १० मी. अंतरावर १२ मी. रुंद दृश्य मिळते. चित्रात आडवे १,९२० बिंदू असतील, तर दर मीटरला १६० बिंदू पडतात. हे परिचितास ओळखण्यास पुरेसे असले, तरी अनोळखी चोराची ओळख पटविण्यास अपुरे आहेत. त्याच जागी १२ मिमी.चे भिंग वापरल्यास रुंदी ४ मी. होते व बिंदू ४८० होतात. म्हणून आवारासाठी रुंद व प्रवेशद्वारासाठी अरुंद दृश्याचे कॅमेरे स्वतंत्रपणे योजतात.

जागा व प्रकाश : कॅमेरा फार उंच बसविल्यास केवळ डोकी दिसतात. उघड्या दारातून येणाऱ्या उजेडासमोर चेहरा काळा पडतो. रात्री अवरक्त दिव्यांमुळे भिंगाजवळील कोळिष्टके व पावसाचे थेंब चकाकतात. यास्तव स्थळाची पाहणी दिवसा व रात्री अशी दोन्ही वेळा करणे इष्ट असते.

साठवण व पुरवठा : सेकंदाला ४ मेगाबिट माहिती देणाऱ्या एका कॅमेऱ्यास दिवसाला सु. ४३ गिगाबाइट जागा लागते; १६ कॅमेऱ्यांच्या ३० दिवसांच्या चित्रणास सु. २०·७ टेराबाइट जागा लागते. विद्युत् शक्ती व संकेत एकाच केबलने नेता येतात. मात्र तांब्याच्या अशा केबलची लांबी सामान्यतः १०० मी.पर्यंतच ठेवतात. चित्रमुद्रक कुलूपबंद जागी ठेवावा. अन्यथा चोर पुराव्यासह तोही नेतो. वीज गेल्यावर यंत्रणा चालू राहील अशी बॅटरीची सोय व घड्याळाची अचूक वेळही आवश्यक आहे.

कायदेशीर बाजू : २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व पोलीस ठाण्यांत ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वारे, कोठड्या, मार्गिका, स्वागतकक्ष इ. सर्व भाग त्यात निर्दिष्ट असून चित्रण १८ महिने व तशी साधने नसल्यास किमान एक वर्ष जतन करावयाचे आहे. कोठडीतील व्यक्तीच्या हक्कांचे रक्षण हा त्यामागील हेतू होय. याउलट, प्रसाधनगृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या यांसारख्या खाजगी जागी व्यक्तीचे संमतीविना चित्रण करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ई नुसार गुन्हा ठरू शकते. चित्रणाची प्रत न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्रण कोण पाहू शकेल, ते किती काळ ठेवावयाचे व केव्हा पुसावयाचे, यांचे लेखी नियम हेही योजनेचे आवश्यक अंग होय.