फाइल, निर्देशिका आणि नाव

बोलीभाषांच्या अभ्यासाची सामग्री आज बव्हंशी संगणकावर साठविली जाते. ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे, शब्दसूची यांपैकी प्रत्येक नग ही एक फाइल होय; आणि या फाइली निर्देशिकांत, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील फोल्डरांत, ठेवलेल्या असतात अशी आपली समजूत असते. ही समजूत कामापुरती पुरेशी असली तरी यथार्थ नव्हे. निर्देशिकेत फाइल नसते. असते ते केवळ तिचे नाव. संग्रहातील सामग्री सापडणे किंवा न सापडणे पुष्कळदा या भेदावरच अवलंबून असल्यामुळे त्याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

निर्देशिकेच्या पोटात निर्देशिका अशी वृक्षाकार रचना डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीसंबंधीच्या निबंधात मांडली. पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी यूनिक्स प्रणाली सिद्ध केली, तीत ही रचना अत्यंत सुटसुटीत रूपात आली. आजची लिनक्स प्रणाली मूलतः त्याच मार्गाने जाते. म्हणून विवेचनासाठी हेच उदाहरण घेतले आहे.

यूनिक्समध्ये प्रत्येक फाइलीची एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइलीचा प्रकार, आकार, मालक, वाचन-लेखनाचे अधिकार, बदलाची वेळ आणि मजकूर तबकडीच्या कोणत्या खंडांत आहे त्याचे पत्ते, एवढे सर्व या नोंदीत असते. नसते ते फक्त नाव. नोंदीची ओळख एका क्रमांकाने होते. निर्देशिका ही स्वतः एक फाइलच होय. तिचा मजकूर म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. आरंभीच्या यूनिक्समध्ये अशी प्रत्येक जोडी १६ बाइटांची असे: २ बाइट क्रमांकासाठी, १४ नावासाठी.

'/संग्रह/वऱ्हाडी/मुलाखत' असा मार्ग दिला असता प्रणाली प्रथम मूळ निर्देशिकेची नोंद उघडते. लिनक्समधील एक्स्ट४ या रचनेत तिचा क्रमांक २ हा ठरलेला आहे. त्या यादीत 'संग्रह' या नावापुढील क्रमांक पाहून ती पुढील नोंदीकडे जाते, तेथील यादीत 'वऱ्हाडी' शोधते, आणि अखेर 'मुलाखत' या नावापुढील क्रमांकावरून प्रत्यक्ष मजकुराचे पत्ते मिळविते.

यावरून काही गोष्टी ओघानेच येतात. एकाच तबकडी-विभागात फाइल एका निर्देशिकेतून दुसरीत हलविली असता मजकूर जागचा हलत नाही. एक जोडी खोडली जाते व दुसरीकडे लिहिली जाते. एकाच क्रमांकाला दोन निर्देशिकांत दोन नावे देता येतात, आणि त्यांतील एक खरे व दुसरे उपनाव असा भेद प्रणाली करीत नाही. 'पुसणे' म्हणजेही मुळात नाव काढून टाकणे. अखेरचे नाव गेले आणि कोणताही कार्यक्रम ती फाइल वापरीत नसला, म्हणजे मगच तिचे खंड मोकळे समजले जातात. येथे संग्राहकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. दोन नावे दिसली म्हणजे दोन प्रती झाल्या असे नव्हे. मजकुराचे खंड बिघडले तर दोन्ही नावे एकाच वेळी निरर्थक होतात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न नाव कशाचे बनलेले असते हा आहे. यूनिक्सच्या दृष्टीने नाव हा अक्षरांचा नव्हे, बाइटांचा क्रम होय. त्यात तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढी दोनच निषिद्ध. १९९२ साली टॉमसन यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही संकेतपद्धती रचली, तीत इतर लिप्यांच्या चिन्हांत हे दोन बाइट कधीच येत नाहीत. म्हणूनच देवनागरी न जाणणारी प्रणालीही देवनागरी नावे बिनतक्रार साठविते. मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास येथे ३ बाइट लागतात. एक्स्ट४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे ८५ चिन्हांची; काना, वेलांटी आणि हलन्तचिन्हही त्यात स्वतंत्र मोजावयाचे. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत मर्यादा २५५ सोळा-बिटी एककांची आहे, आणि देवनागरी चिन्हास एकच एकक पुरते. तेव्हा तेथे चाललेले शंभर चिन्हांचे नाव लिनक्सवर नाकारले जाते.

याहून गंभीर अडचण वऱ्हाडी या शब्दातच आहे. युनिकोडमध्ये त्यातील 'ऱ्' तीन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या प्रकाराने हा शब्द २१ बाइटांचा होतो, उरलेल्या दोन्हींनी २४ बाइटांचा. डोळ्यांस तिन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु बाइटच पाहणारी प्रणाली त्यांना तीन भिन्न नावे मानते. १९९८ साली आलेली अ‍ॅपलची एचएफएस प्लस रचना नावांतील चिन्हे विघटित करून ठेवीत असे. म्हणजे पहिल्या रूपात टंकलेले नाव तेथे दुसऱ्या रूपात साठविले जाई. अशा तबकडीवरून लिनक्सवर आणलेली फाइल टंकून शोधली असता सापडत नाही, अथवा एकाच निर्देशिकेत 'वऱ्हाडी' नावाच्या दोन निर्देशिका शेजारी शेजारी दिसतात आणि सामग्री त्यांत विभागली जाते. पहिली दोन रूपे युनिकोडने समतुल्य ठरविली असल्याने प्रमाणीकरणाने ती एकरूप करता येतात. तिसरे मात्र समतुल्य नाही, ते स्वतंत्रपणे शोधून बदलावे लागते.

यास्तव संग्रहात दाखल होणारे प्रत्येक नाव प्रथम संयुक्त प्रमाणरूपात आणावे, अदृश्य जोडचिन्हांची तपासणी करावी, आणि नावे आखूड ठेवावीत. निवेदक, गाव, दिनांक इत्यादी माहिती नावात न कोंबता प्रत्येक नगास संग्रहक्रमांक देऊन त्या क्रमांकाने वेगळ्या सूचीत लिहावी. वस्तूची ओळख क्रमांकाने ठेवावी व नाव बदलण्यास मोकळे असावे, हेच तत्त्व यूनिक्सने आपल्या पोटात स्वीकारलेले आहे. संग्राहकाने ते आपल्या सूचीतही स्वीकारणे श्रेयस्कर होय.