थकलेल्या इंद्रियांची शुश्रूषा



रुग्णाभ्यंग संस्काराचा विधी पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली सुलभ केला. तेव्हापासून आजाऱ्याच्या कपाळाला व हातांनाच पवित्र तेल लावले जाते. त्यापूर्वी धर्मगुरू डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय अशा एकेका अवयवाला अभ्यंग करून त्या त्या इंद्रियाकडून घडलेल्या अपराधांची क्षमा मागत असे. मनुष्याचा देवाशी व शेजाऱ्याशी जो व्यवहार होतो तो याच दारांनी होतो, हे आपल्या पूर्वजांना त्या विधीत डोळ्यांनी दिसत असे. घरातील वृद्धाचे वा आजाऱ्याचे यांपैकी एखादे दार मिटले, म्हणजे त्याची शुश्रूषा कशी करावी, याचा विचार आज करावयाचा आहे. औषधे डॉक्टर देतील. परंतु अष्टौप्रहर त्याच्यापाशी असतात ती घरचीच माणसे.

प्रथम कानांविषयी. म्हातारपणी बहुधा बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. विचारले एक आणि उत्तर आले भलतेच, असे होते. मुले हसतात, सून कपाळाला हात लावते, आणि काही दिवसांनी ‘आजोबांना आता काही कळत नाही’ असा निवाडा घरात होऊन जातो. मग शेताची वाटणी असो की नातीचे लग्न, त्यांचा विचार कोणी घेत नाही. बुद्धी शाबूत असलेला मनुष्य केवळ कान गेल्यामुळे आपल्याच घरात परका होतो. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या हातून नकळत घडतो.

अशा माणसाशी ओरडून बोलू नये. ओरडल्याने शब्द अधिकच फाटतो आणि आपल्यावर कोणी रागावले आहे असे ऐकणाऱ्यास वाटते. त्याच्या समोर बसावे, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे पाहावे, तोंडात पानसुपारी नसावी, टी.व्ही. बंद करावा, आणि लहान वाक्ये सावकाश बोलावीत. एकदा समजले नाही तर तेच शब्द पुन्हा पुन्हा न सांगता निराळ्या शब्दांत सांगावे. कानात मळ साठूनही ऐकू येईनासे होते. तो डॉक्टरांकडून काढवून घ्यावा, घरी काडी किंवा पिन घालू नये. एकाएकी बहिरेपण आल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे दिवस घालविले तर उपचाराची वेळ निघून जाते.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने बहिऱ्या मनुष्याला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली व जिभेला स्पर्श केला, असे आपण वाचतो. ज्याला शब्द ऐकू येत नव्हता त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला.

आता डोळ्यांविषयी. दृष्टी गेलेल्या आजाऱ्याच्या खोलीत जाताच आपले नाव सांगावे, आणि निघताना ‘येतो’ म्हणून सांगूनच निघावे; नाही तर तो बिचारा रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. त्याचा तांब्या, काठी आणि जपमाळ नेहमीच्याच जागी असू द्यावी. चालविताना त्याचा दंड धरून ओढू नये. त्याला आपले कोपर धरू द्यावे व आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. उंबरठा वा पायरी आली की आधी सांगावे. ताट वाढल्यावर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा सांगाव्यात : भात सहावर, आमटी दोनवर, लोणचे बारावर. मग भरविण्याची गरज उरत नाही, आणि स्वतःच्या हाताने जेवण्याचा मान त्याच्यापाशी राहतो. बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या वाटेवर सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याला आधी विचारले, की तुझी इच्छा काय आहे? आपणही विचारल्यावाचून मदत लादू नये.

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबावे, ही समजूत आता सोडावी. आजच्या शस्त्रक्रियेला त्याची आवश्यकता नाही, आणि थांबण्याच्या काळात पडून खुब्याचे हाड मोडले तर दुहेरी संकट ओढवते. काचबिंदूची गोष्ट निराळी. त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली मात्र उपचाराने राखता येते. म्हणून ज्यांच्या घराण्यात काचबिंदू आहे त्यांनी डोळ्यांचा दाब वेळोवेळी तपासून घ्यावा.

तिसरे दार स्पर्शाचे. ते मिटले तर कोणाच्या लक्षात येत नाही, स्वतः रुग्णाच्याही नाही. मोलोकाई बेटावर महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन यांनी १८८४ च्या अखेरीस एकदा कढत पाण्यात पाय घातला. कातडीला फोड आले, पण वेदना जाणवली नाही. आणि आपणांसही रोग जडला आहे हे त्यांनी ओळखले. १८८९ साली ते देवाघरी गेले व २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि आपल्या देशात ती औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. परंतु तसेच बधिर पाय आता मधुमेहाने कितीतरी घरांत आणले आहेत. काटा रुततो, चप्पल चावते, कळत मात्र काहीच नाही. जखम चिघळते आणि अखेर पाय कापण्याची वेळ येते.

यावर उपाय घरचाच आहे. रोज रात्री दिव्याच्या उजेडात कोणीतरी त्या रुग्णाचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्नानाचे पाणी रुग्णाने आपल्या पायाने पाहू नये. ते घरच्या धडधाकट माणसाने कोपराने पाहावे. शेकासाठी गरम पिशवी किंवा शेगडी पायांशी ठेवू नये. घरातही अनवाणी फिरू देऊ नये, आणि चप्पल घालण्यापूर्वी आत खडा नाही ना, हे हात घालून पाहावे. जो अंथरुणाला खिळला आहे त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. त्याला टोचत नाही म्हणून तो सांगणार नाही, पण पाठीला जखमा पडतील. पाय धुण्याची ही सेवा हलकी कोणी मानू नये. पवित्र गुरुवारी वेदीपुढे आपण तीच पाहतो.

शेवटी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने सांगावयाची आहे. ऐकू कमी येणारे कित्येक वृद्ध पापनिवेदनास येण्याचे सोडून देतात. मोठ्याने बोलावे लागेल व बाहेरची माणसे ऐकतील, अशी त्यांना लाज वाटते. त्यांच्यासाठी बंद खोलीत बसण्याची सोय होऊ शकते. लिहून किंवा खुणांनीही पापनिवेदन करता येते. प्रसंगी दुभाषी घेण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याची मुभा आहे, आणि तो दुभाषीही गुप्ततेने बांधलेला असतो. आपल्या घरात असे कोणी असेल तर या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मगुरूंना तेवढे सांगा. ते घरी येतील. आणि ते येण्याआधी त्या वृद्धाच्या समोर, उजेडात, थोडा वेळ स्वस्थ बसा. त्याला पुष्कळ दिवसांचे काही सांगावयाचे असेल.